आडनाव झाकून : शिष्यवृत्ती निवडीच्या प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

३ जून, सोमवार

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला, अर्ज यायला लागलेत. संस्थेने यंदा निवडीची पद्धत तपासून द्यायचं काम माझ्याकडे सोपवलंय. शिष्यवृत्ती अकरावी-बारावीसाठी, दोन वर्षांची. अर्ज, एक छोटा लेखी भाग, मग मुलाखत. समितीत सगळी भली माणसं, वर्षानुवर्षं आपले रविवार घालवून हे करतात. अवघड आहे ते त्यामुळेच. कुणी मुद्दाम वाईट वागत असतं तर त्याला बाजूला केलं की काम संपलं असतं.

गेल्या वर्षीच्या मुलाखतींचे तक्ते काढले. रकाने पाच: संवाद, आत्मविश्वास, सामान्यज्ञान, आर्थिक गरज, प्रामाणिकपणा. प्रत्येकी दहापैकी गुण. तक्ता आडवा वाचत गेलं की गंमत कळते. ज्याला संवादात आठ, त्याला सगळीकडे आठ, फार तर एखादा सात. ज्याला संवादात पाच, त्याचा प्रामाणिकपणाही पाच. सात-आठ मिनिटांच्या गप्पांत प्रामाणिकपणा कसा मोजला, हा प्रश्न वेगळाच. पण अस्खलित बोलणाऱ्या मुलाला 'गरज' जास्त आणि अडखळणाऱ्याला कमी, हे कसं?

हे दुखणं शंभर वर्षांपूर्वीचं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते आणि गुण संशय यावा इतके एकमेकांशी जुळत होते. माणूस एकूण बरा की वाईट हे मनात आधी ठरायचं आणि मग तोच रंग सगळ्या रकान्यांना लागायचा. त्याला हॅलो इफेक्ट म्हणतात.

शेरेही उतरवून घेतले: 'चुणचुणीत', 'घरचं वळण चांगलं', 'बुजरी', 'भाषा अशुद्ध', 'चेहऱ्यावरूनच हुशार'.

९ जून, रविवार

समितीची पहिली बैठक. अर्जावरून फोटो आणि नाव-आडनाव झाकायचं, हा प्रस्ताव मांडला.

फोटोवर कुणी फारसं अडलं नाही. २००६ मध्ये विलिस आणि टोडोरोव्ह यांनी दाखवलं होतं की अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या हिश्शापुरता दिसला तरी हा माणूस भरवशाचा की नाही, सक्षम की नाही, हे आपण ठरवून मोकळे होतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त त्यावरचा आपला विश्वास वाढतो. हे सांगितल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "म्हणजे 'चेहऱ्यावरूनच हुशार' माझाच शेरा." सगळे हसले आणि फोटो गेला.

आडनावावर मात्र तास गेला. मुख्याध्यापक राहिलेले सर म्हणाले, "ताई, आम्ही काय जात बघून शिष्यवृत्ती देतो का?" मी म्हटलं, "सर, बघत नाही. दिसते." आपल्याकडे आडनाव कानावर पडलं की उरलेला हिशेब डोकं आपोआप करतं. आडनावावरून जिल्हा, जिल्ह्यावरून बोली, बोलीवरून घर. आडनाव दोन-तीन समाजांत चालणारं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे मूळचे कुठले?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असतं असं नाही, पण उत्तर मिळेपर्यंत त्याला चैनही पडत नाही.

सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास सांगितला. २००७ साली प्रसिद्ध झालेला. थोरात आपल्या अमरावती जिल्ह्यातले. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. तोलामोलाची शैक्षणिक पात्रता, फरक नावाचा: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर सवर्ण नावाला १ धरलं तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं. ते अर्ज बाजूला सारणाऱ्यांना विचारलं असतं तर बहुतेकांनी आपल्या सरांसारखंच उत्तर दिलं असतं, आणि मनापासून दिलं असतं.

सर गप्प झाले, पण पटलंय असं वाटलं नाही. हरकत नाही. पटायची वाट बघायची गरज नाही, नावाचं पान पाकिटात घालून चिकटवलं की झालं.

उठता उठता एक बाई म्हणाल्या, "त्या तालुक्यातल्या मुलींचं जरा बघा हं. मागे एकीचं बारावीआधीच लग्न लावून दिलं, पैसे पाण्यात." ही गोष्ट मी दर वर्षी ऐकते. गोष्ट खरी आहे. रजिस्टर काढून दाखवलं: त्याच तालुक्यातल्या बाकीच्या मुली बारावी झाल्या, दोघी नर्सिंगला आहेत. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. जे पटकन आठवतं तेच वारंवार घडतं असं आपण धरून चालतो. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली हीच गोष्ट. आमच्या समितीत तिला एका मुलीचं नाव आहे, बस्स.

१५ जून, शनिवार

नवीन स्वयंसेवकांसाठी अर्ध्या दिवसाची तयारी. भाषण टाळलं, प्रयोग करून घेतला. सॉलोमन ॲश यांचा १९४६ चा. अर्ध्या लोकांना चिठ्ठीवर लिहून दिलं: "हुशार, कष्टाळू, उतावळा, चिकित्सक, हट्टी, मत्सरी." उरलेल्यांना तेच सहा शब्द उलट्या क्रमाने. चिठ्ठ्या सारख्याच आहेत असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मग म्हटलं, या मुलाचं दोन ओळींत वर्णन करा.

पहिल्या चिठ्ठीवाल्या एकीने लिहिलं: "मुलगा तडफदार आहे. स्वतःची मतं आहेत, कधी कधी डोकं गरम होतं." उलट्या चिठ्ठीवाल्या तिच्या शेजारणीने: "दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. हुशारी आहे, पण तिचा उपयोग खोड्या काढायला." दोघी कॉलेजात एका वर्गात आहेत. एकमेकींच्या चिठ्ठ्या बघितल्यावर आधी भांडल्या, मग शब्द मोजले.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. दुसरीने 'हुशार' हा शब्द वगळला नाही. तो तिने वाचला, मान्य केला आणि आधी तयार झालेल्या मुलात बसवून टाकला. आपल्याला वाटतं पहिलं मत घाईचं असतं आणि पुढच्या माहितीने सुधारतं. होतं असं की पुढची माहिती पहिल्या मताच्या सोयीने वाचली जाते. 'हट्टी'चा अर्थ एकीकडे बाणेदार झाला, दुसरीकडे आडमुठा.

कामापुरतं: अर्जात सगळ्यात वर काय छापायचं हे आता सहज ठरवून चालणार नाही. सध्या सगळ्यात वर टक्के आहेत, तेही ठळक अक्षरांत.

२३ जून, रविवार

अर्जांची छाननी. प्रत्येक अर्जाला क्रमांक. नाव, आडनाव, शाळा, गाव, प्रवर्ग, टक्के हे सगळं पहिल्या पानावर. ते पान वेगळं काढून पाकिटात. परीक्षकांकडे फक्त लेखी भाग.

ही पद्धत ज्याच्यावरून घेतली तो अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा, २०१२ चा. भारतातल्या एका शहरात मुलांची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांवर वय, लिंग, जात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कसंही लिहून शिक्षकांना तपासायला दिलं. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीचं मुखपृष्ठ असलेल्या उत्तरपत्रिकांना सरासरी ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलनाइतके (गुण सरासरीपासून साधारण किती विखुरलेत त्याचं हे माप) कमी गुण पडले. फरक छोटा आहे, फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण गुणवत्ता यादीच्या तळाशी जिथे अर्ध्या गुणावर नाव आत-बाहेर होतं, तिथे तेवढा पुरतो. मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट पुढची: हा फरक मुख्यतः त्याच जातगटांतल्या परीक्षकांनी दिलेल्या गुणांतून आला होता. म्हणजे परीक्षक कोण हे बदलून सुटणारा हा प्रश्न नाही. ठोकताळे हवेत असतात, ज्याच्यावर चालवले जातात त्यालाही ते पाठ असतात.

मुखपृष्ठ काढलं तरी गळती आहेच. 'माझा आवडता दिवस' या प्रश्नाला कुणी १४ एप्रिलची मिरवणूक लिहिलीय, कुणी दिंडी, कुणी ईद, कुणी नाताळ. कुणी 'वस्ती' म्हणतं, कुणी 'वाडा'. प्रश्नच बदलायला हवा. पुढच्या वर्षी 'एखादी गोष्ट तू स्वतः दुरुस्त केलीस त्याबद्दल लिही' असा ठेवावा म्हणते.

अक्षराचंही आहे. सुवाच्य अक्षराला गुण जास्त पडतात हे शाळेत शिकवलेल्या कुणालाही विचारा. म्हणून सगळं टाईप करायचं. टायपिंग करणारा मुलगा विचारत होता, "ऱ्हस्व-दीर्घ सुधारू का?" नको म्हटलं. जसं आहे तसं. शुद्धलेखनाला गुण नाहीत, हे परीक्षकांच्या सूचनेत पहिल्या ओळीत टाकलं.

३० जून, रविवार

पालख्या शहरात. रस्ते बंद, बैठक नाही. समितीतले निम्मे तसेही वारकऱ्यांना चहा द्यायला उभे.

६ जुलै, शनिवार

तपासणी सुरू. नियम: एका मुलाचे सगळे प्रश्न एकदम तपासायचे नाहीत. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा खालीवर करून सगळ्यांचा दुसरा. आधीचे गुण दिसू नयेत म्हणून प्रत्येक प्रश्नाचा तक्ता वेगळा.

ही युक्ती काहनेमन यांची. मार्चमध्येच ते गेले. विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना त्यांना जाणवलं की पहिल्या निबंधाला चांगले गुण दिले की दुसऱ्यातल्या मोघम वाक्यालाही आपण सांभाळून घेतो. मग त्यांनी प्रश्नवार तपासायला घेतलं, आणि काय झालं? गुण विस्कळीत दिसायला लागले, एकाच मुलाचा एक निबंध उत्तम, दुसरा सुमार. त्यांचा स्वतःवरचा विश्वास डळमळला. आधीची सुसंगती छान वाटायची, पण ती त्यांनीच घातलेली होती.

आमच्याकडे हुबेहूब तेच. सर संध्याकाळी म्हणाले, "अहो, असं तपासताना मूल डोळ्यांसमोर उभंच राहत नाही." म्हटलं, तेच हवंय. ते नाराज झाले, पण गठ्ठा पुरा केला. चाळीस वर्षं पेपर तपासलेला माणूस. त्याचा वेग बघून बाकीचे थक्क.

१४ जुलै, रविवार

लेखी गुण तयार. तक्ता आडवा वाचला तर यंदा आठ-चार-सहा असं दिसतं. बरं वाटलं.

पण आजची खरी चर्चा डॉक्टर बाईंमुळे झाली. त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं ऐकलं. पण माझा पेशंट दारातून आत येतो ना, तेव्हा चालण्यावरून मला अर्धं कळतं. तेही आपोआपच. ते पण चूक का?"

चूक नाही. काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघं या विषयावर परस्परविरोधी मतांचे. क्लाइन यांनी अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांची अचूक अंतःप्रेरणा अभ्यासलेली. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि एका जागी एकमत झालं: झटक्यात आलेल्या मतावर विसंबायचं तर दोन गोष्टी हव्यात. त्या क्षेत्रात काही नियमितपणा असायला हवा, आणि आपलं बरोबर आलं की चुकलं हे पुन्हा पुन्हा कळायला हवं.

बाईंचा पेशंट आठ दिवसांनी परत येतो. रिपोर्ट येतो. अंदाज चुकला तर तोंडावर कळतं. आमच्या समितीचं काय? निवडलेली मुलं दर सहा महिन्यांनी गुणपत्रक आणून देतात, त्यांची प्रगती दिसते, आणि आमची नजर किती पक्की याची खात्री वाढत जाते. नाकारलेली मुलं पुन्हा कधी दिसत नाहीत. 'बुजरी' म्हणून जिला घरी पाठवलं ती आज कुठे आहे, हे या खोलीत कुणालाही माहीत नाही. वीस वर्षं मुलाखती घेऊन वीस वर्षांचा अनुभव येतो तो खुर्चीत बसण्याचा. माणूस ओळखण्याचा येतोच असं नाही.

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण गरज झाकू नका. ज्याच्या घरात कुणी दहावी झालेलं नाही त्याचे सत्तर टक्के आणि क्लास लावलेल्याचे सत्तर टक्के एक नाहीत." हे अगदी रास्त. सगळंच झाकलं तर आपण न्यायाने वागलो असं वाटेल, आणि ज्याला चढण जास्त होती त्याच्यावरच अन्याय होईल. ठरलं असं: उत्पन्न, घरातलं शिक्षण, शाळेचं अंतर हे वेगळ्या तक्त्यात, त्याला ठरीव गुण, आणि ते गुण कार्यालय देईल. कुणाची कहाणी ऐकून कुणाचा गळा दाटून आला यावर ते ठरणार नाहीत.

२१ जुलै, रविवार

एका हितचिंतकाने सुचवलं की मुलाखतीआधी समितीला पूर्वग्रहांवर दोन तासांचं व्याख्यान ठेवू आणि भिंतीवर समतेची वचनं लावू, म्हणजे मनावर नकळत परिणाम होईल. नम्रपणे नको म्हटलं. वृद्धत्वाशी निगडित शब्द वाचले की माणसं हळू चालतात, हा १९९६ चा गाजलेला प्रयोग २०१२ मध्ये पुन्हा करून बघितला तेव्हा तसं काही आढळलं नाही, आणि त्याच वर्षी काहनेमन यांनी या क्षेत्रातल्या संशोधकांना आपलं घर सावरा असं जाहीर पत्र लिहिलं. मनावर नकळत परिणाम होतात हे खरं. पण ते आपल्याला हवे तसे, वचन चिकटवून करून घेता येतात, हे सिद्ध व्हायचंय. भिंत मोकळी बरी.

मुलाखतीचा तक्ता पक्का केला. सहा प्रश्न, सगळ्यांना तेच. प्रत्येक उत्तरानंतर लगेच गुण, मग पुढचा प्रश्न. समितीतल्यांनी मुलगा बाहेर गेल्यावर आपसात बोलायचं नाही. काकांना हे फार जड जाणार. शेवटी एक मोकळा रकाना: 'डोळे मिटून एकूण मत'. हेही काहनेमन यांचंच, १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यात भरतीच्या मुलाखती बसवताना केलेलं. त्या वेळी ते एकवीस-बावीस वर्षांचे होते. मुलाखती घेणारे वैतागले की तुम्ही आम्हाला यंत्रमानव करताय. म्हणून त्यांनी हा रकाना ठेवला, आणि नंतर तपासलं तर तो चांगलाच उपयोगी ठरला. अट एकच: सहा गुण सुटे सुटे देऊन झाल्यावरच डोळे मिटायचे.

मुलांना आत बोलावताना पूर्ण नाव-गाव पुकारायचं नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी दिली. जात उघड केली नव्हती तेव्हा जातींमध्ये फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव, जात वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. आमच्याकडे शिपाईकाका दारातून खणखणीत आवाजात तिन्ही नावं आणि मुक्काम पोस्ट पुकारतात. त्यांना सांगितलं, फक्त पहिलं नाव. "मग एका नावाची दोन पोरं उठली तर?" उठू देत.

२८ जुलै, रविवार

मुलाखती. गुरुवारच्या पावसाचा चिखल अजून सगळीकडे; सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. काका वीस मिनिटं उशिरा आले. "काय सांगू, पूल बंद, रिक्षा मिळेना." सगळ्यांनी सहानुभूतीने चहा दिला. तासाभराने वेल्ह्याकडचा एक मुलगा उशिरा आला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. काका हळूच म्हणाले, "पहिल्याच दिवशी उशीर. शिस्त नाही." मी काही बोलले नाही, चहाच्या कपाकडे बघितलं. तेच हसले आणि मुलाला चहा मागवला.

आपल्या उशिराला पाऊस कारण, दुसऱ्याच्या उशिराला स्वभाव. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आणि म्हैसूरच्या लोकांची तुलना केली होती. माणूस असं का वागला याला अमेरिकन प्रौढ स्वभाव कारण सांगायचे, म्हैसूरचे प्रौढ बहुधा परिस्थिती आणि नाती सांगायचे; लहान मुलांत हा फरक जवळपास नव्हता, वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे आपल्याला परिस्थिती बघण्याची सवय आहे. फक्त ती मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडे बसल्यावर कुठे जाते, हा अभ्यास कुणीतरी करावा.

एक मुलगी. जुन्या पद्धतीतला पहिला प्रश्न असायचा 'स्वतःबद्दल सांग'. तिला तो विचारला असता तर ती संपली असती. आत आली तेव्हा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, नमस्कारही अर्धाच झाला. नवीन तक्त्यातला पहिला प्रश्न: 'घरातला एखादा निर्णय सांग ज्यात तुझं मत विचारलं गेलं.' तिने सांगितलं, दिवाळीत एक शेळी विकायची होती. "आबा म्हनत व्हते मोठी विकू, पैसं जास्त येतील. म्या म्हनलं मोठी गाभन हाय, आत्ता विकली तर गिऱ्हाईक गाभनीचं पैसं देत न्हाई, नुसतं वजन धरतंय." मग कोणती विकली? बोकड ठेवण्याचा खर्च, पाटीचं (लहान शेळीचं) वय, चाऱ्याचा भाव, एका दमात सगळं. बोट केव्हा सुटलं कळलंही नाही. सरांनी लिहून ठेवलेला आकडा मी नंतर बघितला: नऊ. गेल्या वर्षीच्या शेऱ्यांत त्यांच्याच अक्षरात 'भाषा अशुद्ध' होतं.

उलटही झालं. एक मुलगा फार छान बोलला, "मला समाजाचं ऋण फेडायचं आहे" वगैरे. पहिल्या प्रश्नाला सगळ्यांचे आठ-नऊ. चौथ्याला, 'हे कसं करशील, पहिली पायरी सांग', तो थांबला. तीन-चार. पूर्वी हे तीन-चार पडलेच नसते. त्याची निवड तरीही होईल, गुण पुरेसे आहेत. तशीच व्हायला हवी.

४ ऑगस्ट, रविवार

यादी अंतिम. 'डोळे मिटून' रकाना आणि सहा प्रश्नांची बेरीज बहुतेक ठिकाणी जुळते. जिथे जुळली नाही तिथेच फक्त चर्चा, त्यामुळे बैठक जेवणाआधी संपली. पाकिटं शेवटी उघडली. सर एक पान बराच वेळ बघत होते. ओळखीच्या घरातला मुलगा यादीत नव्हता. म्हणाले, "घरी काय सांगू?" मग स्वतःच म्हणाले, "पद्धत सांगतो."

यंदाची यादी गेल्या वर्षीपेक्षा चांगली आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. वेगळी आहे, एवढंच आज सांगता येतं.

१८ ऑगस्ट, रविवार

पुढच्या वर्षीसाठी मागण्या दिल्या. टक्के पहिल्या पानावरून काढून पाकिटात कायमचे. निबंधाचा नवा प्रश्न. आणि सगळ्यात महत्त्वाचं: निवड न झालेल्या मुलांची यादी फेकायची नाही. पालकांची संमती घेऊन, दर जूनमध्ये त्यांना फोन. शिकतायत का, कुठे, काय अडलं. दोन वर्षांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या.

खजिनदारांचा आक्षेप: ज्यांना पैसे दिले नाहीत त्यांच्या फोनवर संस्थेने खर्च का करायचा, आणि फोन केला की त्यांची आशा वाढेल. दुसरा मुद्दा खरा आहे. फोनवर काय बोलायचं त्याचा मसुदा डॉक्टर बाई लिहिणार आहेत. फोन करायला काका तयार आहेत. त्यांना मात्र प्रश्नांचा छापील कागद द्यावा लागेल, नाहीतर ते गावाचं नाव ऐकून गप्पांना सुरुवात करतील. खर्चाचा विषय सप्टेंबरच्या बैठकीत.